गुत्ता, आंटी, परमिट रूम, पब

इंग्रजीतला ‘पब’ हा शब्द ‘पब्लिक हाउस’ या जोडशब्दाचं लघुरूप आहे. शब्दशः घेतलं तर सार्वजनिक घर. कामावरून सुटल्यावर घरी जाण्याआधी गल्लीतल्या ज्या जागी टेकावं, एक ग्लास बिअर घ्यावी, भूक असेल तर काहीतरी खावं, ओळखीच्या माणसाशी चार शब्द बोलावेत, अशी जागा. वांद्र्यात, लोअर परळला, पुण्यात कोरेगाव पार्कात अशा जागा आता पुष्कळ आहेत. रात्री बारालाही तिथे बर्गर मिळतो, थंड बिअर मिळते, आणि तुम्ही एकटे का आलात असं कोणी विचारत नाही.

अशा जागेसाठी मराठीत कोणते शब्द आहेत, हे मी मध्यंतरी आठवून पाहत होते. ‘गुत्ता’ आहे. ‘परमिट रूम’ आहे. दोन्ही शब्दांत घर नाही, लोकही नाहीत. दोन्ही नावं सरकारी कागदावरून पडली आहेत. यांच्यामध्ये काही वर्षं मुंबईत तिसरंच नाव चालत होतं, आणि ते एका बाईचं होतं: आंटी. आजचा पब हा या रांगेतला चौथा. या चार नावांच्या मागे गेलं, की मुंबईत रात्री बिअरचा ग्लास पुढे घेऊन बसायची मुभा कधी कोणाला मिळाली आणि कोणाला मिळाली नाही, याचा बऱ्यापैकी हिशोब लागतो.

गुत्ता

‘गुत्ता’ म्हणजे मुळात मक्ता. मराठवाड्यात आजही रस्त्याचं किंवा पुलाचं कंत्राट घेणाऱ्याला गुत्तेदार म्हणतात. एखाद्या भागात दारू विकण्याचा हक्क सरकार लिलावाने द्यायचं, तो हक्क म्हणजे गुत्ता. पुढे त्या हक्कावर चालणाऱ्या दुकानालाच लोक गुत्ता म्हणू लागले. मूळ अर्थ कागदात राहिला आणि शब्दाला दारूचा वास लागला.

इंग्रजी राजवटीआधी कोकणपट्टीत दारू ही बरीचशी घरची आणि झाडाची गोष्ट होती. माडाची माडी, ताडाची ताडी, मोहाच्या फुलांची दारू. मुंबईत आणि किनाऱ्यावर झाडावर चढून रस काढण्याचं काम भंडारी समाजाकडे होतं, ठाण्याच्या जंगलपट्टीत मोह आदिवासींच्या रोजच्या जगण्यात होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे सगळं सरकारच्या ताब्यात गेलं. गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद करून दारू गाळण्याचं काम मोजक्या मोठ्या भट्ट्यांकडे आणलं गेलं. ज्या झाडाचा रस काढायचा त्या झाडावर कर बसला. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा वेगळा कायदा झाला. जंगलात पडलेली फुलं वेचून घरात साठवायची, तर त्यातही सरकार आलं.

याचा परिणाम शहरात दिसला. ताजी ताडी सौम्य असते, दिवसभरात आंबते आणि लांब नेता येत नाही. ती गल्लीतच काढायची आणि गल्लीतच प्यायची. कराने ती महाग झाली. भट्टीची कडक दारू मात्र पिंपात भरून कुठेही नेता येत होती आणि तिच्यावर कर वसूल करणंही सोपं होतं. गिरणगाव वाढत गेलं तसे गिरण्यांच्या आसपास गुत्ते वाढले. पाळी सुटलेला कामगार तिथे उभ्या उभ्या एक पेला रिकामा करायचा आणि खोलीवर जायचा. आणि ती खोली तरी कसली? दहा-बारा जण पाळीपाळीने झोपायचे अशी ती जागा. बसायला घर नसलेल्या माणसाला बसायला दुकानही नव्हतं.

बायका गुत्त्याच्या आत नव्हत्या, बाहेर होत्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात दारूच्या दुकानांवर निदर्शनं करण्याचं काम गांधींनी मुख्यतः स्त्रियांकडे सोपवलं. त्यामागे कारण होतं. नवऱ्याचा पगार गुत्त्यात जिरला तर चूल कोणाची विझते, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढची दारूबंदी ही नुसती वरून लादलेली लहर नव्हती, तिच्यामागे हा अनुभव उभा होता. तेवढं मान्य करूनच पुढे जायला हवं.

आंटी

१ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं, आणि ही बंदी आणणारे मंत्री होते डॉ. गिल्डर, पेशाने डॉक्टर आणि जन्माने पारशी. मद्यव्यापारात पारशी मोठ्या संख्येने होते, त्यामुळे विरोधही त्यांच्याच समाजातून जोरात झाला. काही महिन्यांतच युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडली आणि ती बंदी ढिली पडली. खरी बंदी आली ती स्वातंत्र्यानंतर. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ चा. त्याचा सर्वांत ठाम पुरस्कर्ता म्हणजे मोरारजी देसाई.

या कायद्याला लगेच न्यायालयात आव्हान मिळालं. बलसारा नावाच्या अर्जदाराने व्हिस्की-बिअरपासून युडिकोलोनपर्यंत सगळ्याची यादी देऊन हे जवळ बाळगण्याचा हक्क मागितला. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा मोठ्या अंशाने कायम ठेवला, पण मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं बंदीतून सोडवली. दारूबंदीत औषधाची वाट उघडी राहिली, ती अशी.

कायद्यातही परवाना हीच वाट होती. प्यायची असेल तर प्रकृतीसाठी ती गरजेची आहे असं दाखवायचं. विलायती पाहुणा असाल तर वेगळा परवाना. म्हणजे ज्याच्याकडे डॉक्टर, ओळख आणि अर्ज भरायला सवड होती, त्याची सोय झाली. गिरणीतल्या साचेवाल्याला, गोदीतल्या हमालाला, आगबोटीवरून उतरलेल्या खलाशाला यातलं काहीच जमणारं नव्हतं.

त्यांच्यासाठी आंटी होती.

धोबी तलाव, माहीम, वांद्रे, धारावी अशा भागांत घरगुती अड्डे सुरू झाले. चालवणाऱ्या बऱ्याच जणी गोव्याच्या किंवा ईस्ट इंडियन ख्रिस्ती बायका होत्या, म्हणून ‘आंटी’. दारू गूळ, नवसागर, सडकी फळं यांच्यापासून गाळलेली. माप नवटाकाचं. नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग, पण ‘नवटाक मारून आलो’ म्हटलं की अर्थ एकच. माल सायकलच्या, मोटारीच्या रबरी ट्यूबमध्ये भरून अंगाला गुंडाळून आणला जायचा. बाहेरच्या खोलीत एक बाक, एक टेबल, भिंतीवर येशूची तसबीर. सोबत उकडलेली अंडी, चणे, कधी तळलेली मासळी. पोलिसांचा हप्ता वेगळा.

हे काम बायकांकडेच का गेलं? मला वाटतं, या धंद्याला जे भांडवल लागत होतं ते बायकांकडेच होतं: चूल, भांडी, एक खोली आणि गल्लीतली ओळख. गोव्याकडच्या घरांत फेणी गाळण्याचं ज्ञान घरातलंच होतं. विधवा असेल, नवरा बोटीवर असेल किंवा असून नसल्यासारखा असेल, अशा बाईला घर न सोडता मिळवता येईल असा तो पैसा होता. उधारी कोणाला द्यायची, कोणाला ‘आता पुरे, घरी जा’ म्हणायचं, हे तीच ठरवायची. मुंबईत गल्लीतल्या दारूच्या जागेची मालकी बाईकडे होती तो काळ हाच. आणि तो काळ कायद्याने गुन्ह्याचा होता.

ते दिवस गोड नव्हते. हातभट्टीची दारू जीव घेत होती. आंटीच्या बाकामागे मोठी साखळी उभी होती. ॲन्टॉप हिल, माटुंगा, धारावी भागात हातभट्टीच्या धंद्यावर वरदराजन मुदलियारसारखे लोक मोठे झाले. मुंबईच्या संघटित गुन्हेगारीला पहिलं भांडवल पुरवलं त्यात दारूबंदीचा वाटा मोठा आहे. साखळीच्या वरच्या टोकाला पैसा गेला. खालच्या टोकाला, छापा पडला की हंडे फुटायचे ते आंटीचे.

परमिट रूम

साठच्या दशकात बंदी सैल होऊ लागली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, ती बरीचशी उठली. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि सरकारमान्य देशी दारूची दुकानं सुरू झाली. कारण व्यवहाराचं होतं: बंदीमुळे पिणं थांबलं नव्हतं, महसूल मात्र थांबला होता.

पण लक्षात घ्या, ‘बंदी उठली’ हे बोलण्यापुरतं. १९४९ चा कायदा रद्द झालाच नाही. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली तेव्हा तो गुजरातकडे गेला आणि महाराष्ट्राकडेही राहिला. एकाच कायद्याखाली गुजरात कोरडा आहे आणि महाराष्ट्रात नाक्यानाक्यावर बार आहेत. फरक आहे तो परवाने किती सढळ हाताने द्यायचे एवढ्याचा. इथे त्याच्या नावातलं ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आलं, ‘दारूबंदी’ हा शब्द तसाच आहे.

म्हणून महाराष्ट्रात बिअर पिणाऱ्या प्रत्येकाकडे आजही परवाना असायला हवा. एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. बरीच वर्षं हे दर ५, १०० आणि १,००० रुपये असे होते. परवाना मिळतो तो प्रकृतीच्या रक्षणासाठी आणि संवर्धनासाठी. बिअरला वयाची अट २१, कडक दारूला २५. तुम्ही शुक्रवारी रात्री मित्रांसोबत बिअर मागवता तेव्हा कागदोपत्री तुम्ही औषध घेत असता. हे हसण्यावारी नेता येतं, पण २०१२ मध्ये मुंबईत पब-बारवर छापे पडले तेव्हा परवाना नसणं हेच कारवाईचं कारण झालं होतं. जो कागद कोणीच मागत नाही, तो एखाद्या दिवशी फक्त तुमच्याकडेच मागता येतो. असा कागद धाक म्हणून फार उपयोगी असतो.

‘परमिट रूम’ हे नाव इथून आलं. खानावळीत वा हॉटेलात परवानाधारकांनी बसून पिण्याची वेगळी खोली. कायदेशीर पाटी म्हणून लागलेले हे दोन शब्द शेवटी जागेचं नाव झाले. हा धंदा उभा करण्यात उडुपी-मंगळूरकडून आलेल्या शेट्टी मंडळींचा हात मोठा. इडली-डोशाच्या हॉटेलांमुळे स्वयंपाकघर, पोरं आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत गल्ला सांभाळायची सवय त्यांच्याकडे होती.

परमिट रूमचं खाणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. कांदा-टोमॅटो घातलेले शेंगदाणे, मसाला पापड, उकडलेले चणे, चिकन चिली, बोंबील फ्राय. चखणा हा शब्दच ‘चाखणे’चा भाऊ. पोट भरायला नाही, घोटाघोटामध्ये तोंडात टाकायला. जेवण घरी आहे असं गृहीत धरूनच हा मेनू बेतलेला आहे. बाई घरी ताट वाढून वाट पाहते आहे, हे त्या मेनूत न लिहिता लिहिलेलं आहे.

आंटी गेली आणि तिच्यासोबत बाईही गेली. परमिट रूममध्ये मालक पुरुष, वेटर पुरुष, गिऱ्हाईक पुरुष. बाईसाठी ‘फॅमिली रूम’, बहुधा माडीवर, बहुधा एसी, आणि दर जास्त. मध्य मुंबईतल्या एका परमिट रूममध्ये मी एकटी गेले होते. वेटरने अत्यंत आदराने सांगितलं, “मॅडम, फॅमिली वर.” मी म्हटलं, “फॅमिली नाहीये, मी एकटीच आहे.” तो म्हणाला, “हां, म्हणजे वरच.” त्याच्या बोलण्यात उद्धटपणा अजिबात नव्हता, होती ती काळजी. खालच्या खोलीत मी बसले असते तर बाकीच्यांचं बसणं अवघडलं असतं, हे त्याला ठाऊक होतं. कुठलाही नियम मला खाली बसायला मनाई करत नव्हता. परवान्याच्या अर्जावर बाई-पुरुष हा भेद नाही. मी वर गेले, आणि खाली ज्या किमतीत बिअर मिळते तिच्याहून जास्त पैसे देऊन प्यायले.

दुसरी रेघ पैशाची. परमिट रूमसुद्धा ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी देशीचं दुकान, आणि तेही परवडत नाही त्याच्यासाठी हातभट्टी अजून आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं मेली. परवान्याची पद्धत सैल होऊन चाळीस वर्षं उलटली होती.

पब

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार होते. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही, गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत आणि २००१ च्या तिच्या दुरुस्तीत गिरण्यांच्या जमिनींचा रस्ता मोकळा झाला. जिथे धोटे फिरत होते तिथे कचेऱ्या आल्या, आणि कचेऱ्यांच्या पाठोपाठ पब. गिरणगावातला कामगार उभ्या उभ्या पेला रिकामा करत होता, त्याच आवारात आता उंच स्टुलावर बसून बिअर पिता येते.

या पबने एक गोष्ट केली जी परमिट रूमला पन्नास वर्षांत जमली नाही: बाईला खालच्या मजल्यावर खुर्ची दिली. एकटी, मैत्रिणींसोबत, कशीही. मला स्वतःला ही गोष्ट मोठी वाटते आणि ती कमी लेखायची माझी तयारी नाही. फक्त ती खुर्ची विकत मिळते. एका बिअरचं बिल परमिट रूममधल्या दोन माणसांच्या बिलाएवढं. आणि खुर्ची दिली म्हणजे काळजी घेतली असंही नाही. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिल्सच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबला आग लागली. १४ जण मेले, त्यांतल्या बहुतेक तरुण मुली-बायका होत्या.

आता ताटलीकडे. पबमधला मेनू चखण्याचा नाही, जेवणाचा आहे, कारण घरी कोणी वाढून ठेवलेलं नाही. म्हणून बर्गर: एका हातात मावतो, पोट भरतो, आणि तो खाताना कोणाची वाट पाहावी लागत नाही. पण तोही कायद्यातून सुटलेला नाही. १९९६ मध्ये मॅकडॉनल्ड्स भारतात आलं ते गोमांस आणि डुकराचं मांस दोन्ही वगळून. ज्या पदार्थाची ओळखच बीफवर उभी, तो इथे आधी मटणाचा आणि बटाट्याचा झाला. वांद्र्यासारख्या भागात मात्र बैलाच्या मांसाचा बर्गर मिळत होता, कारण १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यात बंदी गायीच्या कत्तलीवर होती. मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती लागू होऊन बैल आणि वळूही त्यात आले. देवनारच्या कत्तलखान्यावर पोट असलेल्या कुरेशी व्यापाऱ्यांचं काम रातोरात आटलं. मे २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली, फक्त दुसऱ्या राज्यातून आणलेलं मांस बाळगण्यावरची बंदी रद्द केली. मेनूवर ‘बीफ’च्या जागी ‘बफ’ आलं, म्हणजे म्हैस. एका अक्षराच्या त्या फरकात एका धंद्याचं होत्याचं नव्हतं झालं.

उरली वेळ. जानेवारी २०२० मध्ये ‘मुंबई २४ तास’ची घोषणा झाली. मॉल आणि गिरण्यांच्या आवारातल्या खाण्याच्या जागा रात्रभर उघड्या ठेवायला मुभा मिळाली, दारूची वेळ मात्र दीडचीच राहिली. बर्गर पहाटे तीनला चालेल, बिअर नाही. मुंबईला यात नवीन काही नव्हतं. बार बंद झाला की नाक्यावरच्या भुर्जीपावच्या गाडीभोवती गर्दी जमते, आणि ताजमहाल हॉटेलच्या मागच्या गल्लीत १९४६ पासून बडेमियाँचे कबाब उशिरापर्यंत भाजले जातात. मुंबईचा मध्यरात्रीचा बर्गर म्हणाल तर तो हाच: पावात भरलेला, उभ्याने खाल्लेला, बिअरपासून कायद्याने तोडलेला.

या सगळ्यात मला खटकते ती एक गोष्ट. दारूच्या जागेबाबत आपल्या कायद्याने बाईला एक अधिकार आवर्जून दिला आहे, तो म्हणजे ती बंद करण्याचा. वॉर्डातल्या किंवा गावातल्या ठरावीक प्रमाणात महिला मतदारांनी मागणी केली, की मतदान होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला बहुमत मिळालं की दुकान बंद. राज्यात अनेक गावांत बायकांनी बाटली आडवी केली आहे, आणि ज्या घरात पगार पोचत नाही त्या घरातल्या बाईने ती करावीच. १९३० मध्ये दुकानासमोर उभ्या राहिलेल्या बायकांचा तो वारसा आहे.

पण दिवसभर राबून संध्याकाळी एक ग्लास पुढे घेऊन बसावं असं वाटणारी बाई या कायद्याच्या डोळ्यांसमोर कधी नव्हतीच. मासळी विकणारी, रुग्णालयात रात्रपाळी करणारी, कॉल सेंटरातून दीडला सुटणारी. तिला चालवता येईल अशी जागा होती ती गुन्हा ठरली, तिला परवडेल अशी जागा आहे तिथे तिला माडीवर पाठवतात, आणि तिला खाली बसू देतात तिथलं बिल तिच्या दिवसाच्या मजुरीहून मोठं असतं. गल्लीतली परमिट रूम स्वस्त आहे, ओळखीची आहे, बोंबीलही ताजे तळते. तिथे तळमजल्यावर अशा बाईसाठी एक टेबल ठेवायला नवा कायदा लागत नाही, सरकारी परवाना तर नाहीच नाही. ती कधी एकटी आली तर वेटरने जिन्याकडे बोट न दाखवता विचारावं, “मॅडम, थंड देऊ की साधी?”